मोठी आई वाळवंटात जाते

तत्त्वासाठी प्राण द्यायला तयार असलेली माणसं आता उरली नाहीत, असं लोक म्हणतात. मी असं एक माणूस जवळून पाहिलं आहे. तत्त्व संडासाबद्दलचं होतं.

मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. आमच्या एकोडी गावात तिने कित्येक वर्षं पहाटे शिट्टी घेऊन तलावाच्या पाळीवर गस्त घातली. टमरेल घेऊन निघालेला माणूस दिसला की ती शिट्टी फुंकायची आणि त्याच्या शेजारून चालत त्याला घरापर्यंत पोचवायची. "कोणी पाहत नाई ना," असं तो म्हणाला की तिचं उत्तर ठरलेलं: "मी पाहून राहिली ना." शेवटी घरोघरी संडास झाले, गावाला पुरस्कार मिळाला. समारंभात साहेब स्वच्छतेवर फार वेळ बोलले आणि शाली पाहुण्यांतच संपल्या. तिला त्याचं काही वाटलं नाही. मंडपामागे कोण जातं यावर तिचं लक्ष होतं.

दुसरा नियमही तितकाच कडक. संडास परसात, चुलीपासून लांब. शेजारच्या सदाशिवने पाइप वाचवायला तो स्वयंपाकघराला लागून बांधला, तर तिने त्याला भिंत पाडायला लावली. "इकडे भात शिजते आन् तिकडे तू बसते. लाज नाई वाटत गा?"

काका गेल्यानंतरच्या हिवाळ्यात तिचा मुलगा नितीन पुण्याहून एक भाड्याची गाडी घेऊन आला. आत झोपायला बाकं, गॅसची शेगडी, संडास, सगळं. आईला घेऊन जैसलमेरच्या पुढे वाळवंटात जायचं ठरलं. नितीन, त्याची बायको पल्लवी, मोठी आई, आणि दुसरा ड्रायव्हर म्हणून मी. मोठ्या आईने तांदळाचं पोतं चढवलं. तिकडचे लोक भात खात नाहीत हे तिच्या कानावर आलं होतं आणि तिला त्यांची काळजी वाटत होती.

मग तिने गाडी तपासली. शेगडी आणि संडासाचं दार यांत हातभर अंतर. तिने दाराला कडी घातली. "हे बंद. कोणी उघडायचं नाई."

वाटेत पेट्रोल पंप होते तोवर निभावलं. जैसलमेरनंतर पंप विरळ झाले, मग झाडंही. आम्ही दोघं पुरुष तिची नजर चुकवून टेकाडामागे जात होतो. पल्लवी सासूचा डोळा लागला की कडी काढायची. मोठ्या आईने तिसराच मार्ग शोधला. तिने पाणी पिणं सोडलं.

"आई, काहून पाणी पिऊन नाई राहिली?" नितीनने विचारलं.

"तहानच नाई लागून राहिली."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीतून उतरताना तिचे पाय दुमडले. नितीनने तिला झेललं. गाडीच्या सावलीत चादर टाकून निजवलं. ओठ फुटले होते, जीभ जड झाली होती. फोनला रेंज नव्हती आणि दवाखाना फार मागे राहिला होता. तोंडाशी नेलेला पाण्याचा गडवा ती हाताने बाजूला सारत होती.

"आई, पाणी पे अन् त्या टेकाडामागे जा. इथं कोण पाहून राहिलं?"

तिने उत्तरापुरते डोळे उघडले. "मी पाहून राहिली ना."

"मग गाडीतला वापर."

"चुलीच्या बाजूले? सदाशिवले काय सांगू?"

सदाशिव त्या वेळी एकोडीत जेवून आडवा झाला असणार. नितीन रडायला लागला. मी बरंच वाचलेलं आहे, पण अशा वेळी त्यातलं काही आठवत नाही, म्हणून मी वाद घातला.

"मोठी आई, रेल्वेत नाई का डब्यातच संडास राहते? तिथं बसून तू पुरी-भाजी खाल्ली."

"रेल्वेत मी रांधत नाई," ती म्हणाली. कायद्यात पळवाट सापडलेल्या वकिलासारखा तिचा चेहरा हळूहळू पालटला.

"नितीन, शेगडी काढ."

"काय?"

"शेगडी काढ. सिलिंडर, गंज-भांडे, डबे, तांदूळ. सारं बाहेर."

शेगडी स्क्रूने बसवलेली होती. ती काढू नये असं गाडीमालकाने बजावलं होतं. नितीनने चमच्याच्या दांड्याने स्क्रू काढले. सगळा संसार वाळूत आला, तेव्हा तिने मान वळवून खात्री केली.

"आता हे घर नाई. गाडी हाय. दे पाणी."

पल्लवीने मीठ-साखर घातली. मोठी आई सावकाश गडवाभर प्यायली, मग आणखी थोडं. आम्ही तिघं तिच्या घशाकडे पाहत होतो. नितीन वाळूत फतकल मारून बसला आणि रडता रडता हसू लागला. संध्याकाळी ती स्वतः उठून आत गेली, बऱ्याच वेळाने ताज्या चेहऱ्याने बाहेर आली आणि पल्लवीला म्हणाली, "कडी हळू काढत जा वं. आवाज येते."

मागच्या वर्षी मोठी आई एकोडीत झोपेतच गेली. शोकसभेत एका वक्त्याने सांगितलं की तिने वाळवंटातही तत्त्वाशी तडजोड केली नाही, आणि आपण सर्वांनी त्यातून काही घ्यावं. हे खरं आहे. परतीच्या वाटेवर स्वयंपाक रोज उघड्या वाऱ्यात झाला, आणि भातातल्या वाळूने माझी एक दाढ तुटली.