गुडबाय आणि अर्धं गाऱ्हाणं

मिठबावहून निघालो त्या सकाळी बाबा घरापुढच्या खळ्यात नारळ घेऊन उभे होते. आमच्याकडे माणूस लांब निघालं की घरातला वडीलधारा गाऱ्हाणं घालतो. देवाला हाक मारून त्या माणसाला सोपवतो, भोवतीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बाबा ज्याला जे लागेल ते वेगळं मागत, त्यामुळे त्यांचं गाऱ्हाणं लवकर काही आटपत नसे. “बा देवा म्हाराजा, ह्यो माझो झील आज परमुलखाक चललो हा...” त्यांनी सुरुवात केली. मला कसालला मुंबईची गाडी गाठायची होती, शिवाय जीपमधल्या मित्रांसमोर लाज वाटत होती. मी मध्येच “बाबा, बाय!” म्हणालो आणि जीपमध्ये चढलो.

आई नंतर फोनवर म्हणाली, “तू गेलंस तरी ते थंयच उभे. नारळ फोडूकच नाय.” तीन वर्षांनी बाबा गेले. मी तेराव्यालाही पोचलो नाही.

आता मी लीड्समध्ये बस चालवतो. इथली माणसं उतरताना ड्रायव्हरला ‘थँक्स, बाय’ म्हणतात. ते मी कधी मनावर घेतलं नव्हतं. मग एकदा माझी मुलगी सई शाळेतून प्रोजेक्ट घेऊन आली: रोजच्या एका शब्दाचं मूळ शोधा. जेवताना सांगू लागली, “डॅड, गुडबाय हे आधी अख्खं वाक्य होतं. ‘देव तुझ्याबरोबर असो.’ लोक घाईघाईत बोलत गेले आणि ते आखडत गेलं.” म्हणजे या गोऱ्यांचंही ते गाऱ्हाणंच! आणि बाबांना तोडायला मी नेमका तोच शब्द वापरला होता.

तेव्हापासून बसचं दार उघडलं की प्रत्येक बायमागे बाबा उभे दिसतात, तोंड अर्धवट उघडं.

मागच्या महिन्यात सई शिकायला ग्लासगोला निघाली. बॅगा गाडीत ठेवून “बाय डॅड” म्हणाली, पण निघाली नाही. मी हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ह्या माझा चेडू आज...” पुढे शब्दच सुचेनात.

तुम्ही गावची माणसं फोनवर विचारता, घराची आठवण येते का? घर म्हणजे मला आता एवढंच, बाबा माझ्यासाठी पुढे काय मागणार होते ते. आणि ते कुणालाच ठाऊक नाही.

सई बराच वेळ थांबली. मग “इट्स ओके, डॅड,” म्हणाली आणि गेली.