मेंदीचे दोन दिवस

अमिनो आम्लांच्या प्रयोगशाळेत नवे विद्यार्थी आले की त्यांची पहिली शिकवणी मदाम इख्लास घ्यायची. प्राध्यापक नव्हे, ती. गाळण्याचा एक कोरा कागद पुढे सरकवून ती म्हणायची, "अंगठा ठेव." पोरगं हसत हसत अंगठा टेकवायचं. मग ती त्यावर निनहायड्रिनचा फवारा मारायची, कागदाला गरम हवा द्यायची, आणि पांढऱ्या कागदावर जांभळा अंगठा उमटायचा. "हात धुतला होतास ना? तरी तुझ्या कातडीतून सेरीन गळतंय, ग्लायसीन गळतंय. ज्या विटांनी प्रथिनं बांधतात, त्या तू जाशील तिथे सांडत जातोस. तेव्हा मोजे घातल्याशिवाय माझ्या काचेला हात लावायचा नाही."

काच सरकारची होती. पण एकोणतीस वर्षांपूर्वी इख्लास इथे काच धुणारी म्हणूनच लागली होती, त्यामुळे 'माझ्या' म्हणायचा हक्क तिने आपला आपणच घेतला होता. आम्लं वेगळी करून मोजणारं यंत्र चालवायला ती शिकली ते बघून बघून. अलेक्झांड्रियातल्या या जुनाट इमारतीतलं ते त्याहून जुनाट यंत्र आता तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे. आलेखाच्या कागदावर पेन खरखरत वर चढायला लागलं की ती पाठ फिरवून चहा ओतत असतानाही कोणतं आम्ल बाहेर पडतंय ते सांगायची. चाळीसेक जण तिच्या डोळ्यांदेखत डॉक्टर होऊन गेले. त्यांच्या प्रबंधांत तिचं नाव आभाराच्या शेवटच्या ओळीत असायचं, कधी तेही नसायचं. त्याचं काही वाटत नाही असं ती सांगायची, आणि ते साफ खोटं होतं.

त्या सोमवारी नव्या मुलींपैकी एकीने विचारलं, "मदाम, हाताला मेंदी असली तर काय करायचं? मोज्यात हात घामेजतो, रंग उतरतो."

इख्लासच्या हातातला फवारा थांबला. "मेंदी असली तर रजा घ्यायची," इख्लास कसंबसं म्हणाली आणि भांडी धुवायच्या खोलीत जाऊन उगीचच नळ सोडून उभी राहिली.

मे महिन्यात तिच्या धाकट्या मुलीचं, नहलाचं लग्न झालं होतं. नवरीबरोबर आईचेही हात रंगले होते. लग्न दोन दिवसांवर, मेंदी काळीभोर चढलेली, ती मोज्यात घालून फिकी करायचं इख्लासच्या जिवावर आलं. नुसत्या नमुन्यांच्या कुप्या तर भरायच्या आहेत, असं म्हणत दोन दिवस तिने उघड्या हातांनी काम केलं होतं. कुणाच्या कुप्या, हे आठवायला नोंदवही बघायची गरज नव्हती. रीहामच्या.

रीहाम रशीद गावच्या एका मास्तरांची मुलगी, इथे डॉक्टरेट करणारी. पाच वर्षं मर्यूत तळ्याकाठच्या एका खाऱ्या झुडपामागे लागलेली. गोड्या पाण्यावर वाढवलेल्या झुडपापेक्षा खाऱ्या पाण्यावरच्या झुडपात तिप्पट सेरीन सापडलं, आणि आलेखावर लायसिनच्या शेजारी एक छोटंसं शिखर दिसलं. यंत्र जुळवायच्या मिश्रणात ओळखीची सतरा आम्लं होती, त्यातल्या कशाशीही ते जुळेना. प्रबंधात त्याला 'अनोळखी' म्हटलं होतं, आणि त्या अनोळखीवर मार्गदर्शक डॉक्टर वगदी इतके खूष होते की कैरोच्या परिषदेत सांगून आले होते. तोंडी परीक्षा आता नऊ दिवसांवर होती. गोड्या पाण्याच्या कुप्या इख्लासने लग्नाच्या आधीच्या आठवड्यात मोजे घालून भरल्या होत्या. खाऱ्याच्या सगळ्या मेंदीच्या त्या दोन दिवसांत.

त्या दिवशी घरी मुलूखियाच्या पातळ भाजीत तिने दोनदा मीठ घातलं. नवरा ट्रामचा कंडक्टर, आयुष्यभर लोकांच्या कटकटी ऐकून मुरलेला, तो पाणी पीत पीत जेवला. इख्लास आपल्या मनाला समजावत होती की दोन बोटं लागली म्हणून तिप्पट होत नसतं. आणि पाठोपाठ आठवत होतं की एका अंगठ्याने केवढा जांभळा डाग पडतो. खिडकी उघड, बंद कर, असं तिचं चाललं होतं. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? मेंदी केव्हाच उतरली होती.

मंगळवारी सगळे जेवायला गेल्यावर तिने एका कुपीत निव्वळ शुद्ध पाणी घेतलं, कुपीच्या काठावर उघडं बोट फिरवलं, पाणी हलवलं आणि यंत्राला दिलं. मग स्टुलावर बसली, उठली, परत बसली. पेन चढलं. सेरीन. मग ग्लायसीन. हे होणारच होतं, तिने स्वतःला सांगितलं, अजून ते छोटं कुठे आलंय. तास उलटून गेला. लायसिनची जागा आली, आणि तिच्या शेजारी पेन हळूच वर जाऊन खाली आलं. अनोळखी शिखर तिच्याच घामातलं होतं. तिला रडू फुटलं.

रीहाम आत आली तेव्हा तो आलेख टेबलावर पसरलेलाच होता. इख्लासने आडपडदा ठेवला नाही. मेंदी, दोन दिवस, उघडे हात, सगळं एका दमात सांगितलं. रीहाम ओरडेल, रडेल, असं तिला वाटलं होतं. रीहाम नुसती खुर्चीवर बसली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तीन आठवडे झाले. मीही कोऱ्या पाण्यात बोट बुडवून बघितलं. आधी वाटलं माझाच हात लागला असेल. मग नोंदवहीतल्या तारखा बघितल्या. नहलाच्या लग्नात मी नाचले होते, मदाम. तुमची मेंदी मी बघितली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी कबूल करणार नाही, असं मी धरून चालले होते. तुम्ही गप्प राहिलात की मला गप्प राहता येत होतं."

इख्लासला हे लागलं. चूक कळली तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. एकोणतीस वर्षं काच जपली, आणि या पोरीने भरवसा ठेवला तो कशावर, तर तिच्या खोटेपणावर. आणि कालची आख्खी संध्याकाळ तो भरवसा खरा ठरत आला होता, हेही तिला ठाऊक होतं.

तिने आलेखाची घडी घातली आणि डॉक्टर वगदींच्या खोलीकडे चालू लागली. परीक्षा पुढे जाईल, झुडपं पुन्हा वाढवावी लागतील, वर्ष जाईल, कदाचित दोन. तिच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. पायऱ्यांपाशी मागून चपला वाजल्या. रीहामने तिला गाठलं आणि कागदाला हात घातला.

"द्या इकडे. प्रबंधावर नाव माझं आहे."

"हात माझा आहे," इख्लास म्हणाली. कागद तिने सोडला नाही, रीहामनेही सोडला नाही. दोघी तशाच दारापर्यंत गेल्या, आणि दार इख्लासने वाजवलं.