जबाबात नसलेलं वाक्य

“दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही डबा भरून कामावर गेलात. हे म्हणणं खरं आहे?” आरोपीच्या वकिलानं विचारलं.

“हो.”

“एवढं घडल्यावरसुद्धा?” त्यानं जज्जसाहेबांकडे बघून खांदे उडवले. साहेबांनी टायपिस्टला लिहायला सांगितलं. माझी मान खाली गेली. मी काही चोरी केली नव्हती, तरी गेली.

कामावर जाऊ नको तर काय करू? अंबडच्या कारखान्यात मी ठेकेदाराकडे होते. एक खाडा झाला की गेट बंद. घरात आई आणि मी, कमावणारी एकटी मी. आणि ज्यानं कामाची पाळी सुटल्यावर मला स्टोअरमध्ये बोलावलं, दार लावलं, बलात्कार केला, तो आमचा सुपरवायझर, ठेकेदाराचा भाचा.

तो म्हणत होता, त्या वेळी मी कारखान्यात नव्हतोच, देवळाली कॅम्पला बहिणीच्या हळदीत होतो. मामा, आत्या, शेजारी, सगळ्यांनी पिंजऱ्यात येऊन एकच पाठ म्हटला. फोटो दाखवले. गालाला हळद फासलेला, हसणारा. गेला होता ना तो हळदीला. मी कुठं नाही म्हणत होते? अंबडहून कॅम्प बाइकवर कितीसं लांब. शर्टाची बटणं लावताना स्वतःच म्हणाला होता, “आवर लवकर, मला हळदीला जायचंय.”

हे मी कोर्टात सांगितलं. वकिलानं हातातला कागद वर धरला.

“पोलीस जबाबात हे वाक्य नाही.”

“मी सांगितलं होतं.”

“जबाबात नाही. म्हणजे हळदीचं कळल्यावर आता रचलंत.”

जबाब घेणाऱ्या पोलीस मॅडम मला म्हणाल्या होत्या, ते राहू दे, मुद्द्याचं सांग. मुद्दा त्यांनी ठरवला आणि खोटी मी ठरले.

शेवटी वकील म्हणाला, “तुमच्या लोकांना सरकारी मदत मिळते, म्हणून ही केस केलीत.” तुमच्या लोकांना. आमच्या घरात बुद्धाची तसबीर आहे, एवढ्यावर माझी लायकी ठरली. मी म्हटलं, “हे खोटं आहे.” रडू आलं नाही, अंगाची आग आग झाली. बाहेर आल्यावर सरकारी वकील मॅडम हळूच म्हणाल्या, तुम्ही रडला असतात तर बरं झालं असतं.

तो सुटला. संशयाचा फायदा. निकालात लिहिलं होतं, माझं वागणं अशा प्रसंगातून गेलेल्या बाईसारखं नव्हतं आणि हळदीचे साक्षीदार प्रतिष्ठित घरातले आहेत. अशी बाई कशी वागते, हे यांना कुणी सांगितलं? मला तर कुणी विचारलं नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात ठेकेदार समोर आला. “पोरी, झालं ते झालं. सोमवारपासून कामावर ये. मी मन मोठं करतोय.”

आईनं त्याला हात जोडले. “लय उपकार झाले, साहेब. आम्हाला काय नाय पाहिजे. पोरीवर डूख धरू नका.”

साक्षीच्या दिवशी वाटली नव्हती एवढी लाज मला तेव्हा वाटली. मी आईचे हात धरले आणि ओढून सोडवले. माणसं बघत होती.

“त्याला हात जोडू नको. कधीच नको,” मी म्हटलं.

“अगं, मग खायचं काय?”

मी तशीच वकील मॅडमकडे वळले. “अपील करायचंय.”

“हायकोर्टात वर्षं जातात. परत सगळं उकरतील.”

“उकरू देत.”

आता अंबडला मला कुणी घेत नाही, ठेकेदाराचा शब्द सगळ्या गेटवर पोचलाय. मी लोकांकडे भांडी घासते. मध्येच हात साबणात तसेच राहतात. कितीदा वाटलं, संपवून टाकावं. पण आज गेले तर खोटी म्हणूनच जाईन आणि तो उजळ माथ्यानं फिरेल. अपिलावर मी सही केली आहे. लागू देत वर्षं. खोटी ठरून मी मरणार नाही.