न पाठवलेल्या मेलची पोच

असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर एकच प्रश्न विचारत आले – "हेडर पाहिलं का?" मी अमरावतीच्या एका कॉलेजात मेलचा सर्व्हर सांभाळते. प्राचार्यांच्या नावाने खोटी मेल आली की पोरं घाबरतात, मी हेडर उघडते आणि पाच मिनिटांत भूत उतरवते. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण लिहिते.

हेडर म्हणजे मेलचं पाकीट. पाठवणाऱ्याचं नाव तिथे कोणीही काहीही टाकू शकतो. पण वाटेतला प्रत्येक सर्व्हर त्यावर वेळेसकट आपला शिक्का मारतो. सगळ्यात जुना शिक्का सगळ्यात खाली, म्हणून खालून वर वाचायचं.

ही शिक्के बघायची खोड मला बाबांची. ते अकोल्याला पोस्टात गावांप्रमाणे टपाल छाटायला होते. लग्नपत्रिका आली तरी आधी शिक्का बघणार, मग नवरा-नवरी. रिटायर झाल्यावर मी त्यांना मेल शिकवली, तर मजकुराआधी हेडर उघडून बसायचे. एकदा परदेशातल्या सर्व्हरचा शिक्का बघून म्हणाले, "अमरावतीहून अकोल्याले याले परदेशातून काहून जा लागते? बडनेरा, मूर्तिजापूर, झालं." आणि उत्तराची पहिली ओळ कायम एकच – ‘पत्र पोचलं.’ पोच दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. अमरावतीला तपासायला या म्हणून मी मागे लागले, ते टाळत राहिले. एका शुक्रवारी सकाळी माझा पारा चढला. "मग काही झालं तर मला फोन करू नका," असं बोलून गेले आणि फोन ठेवून दिला.

दुपारी लॅबमध्ये बसून मेल लिहिली. बाबा, ते मनावर घेऊ नका, काही झालं तर मलाच फोन करा, मी रविवारी येते. मग वाटलं, माफी काय मेलवर मागायची... रविवारी तोंडानेच सांगू. मेल ड्राफ्टमध्ये ठेवली.

शनिवारी दुपारी बाबा जेवून पडले ते उठलेच नाहीत. आई म्हणाली, सकाळपासून दुखत होतं, पण ती मला फोन लावायला गेली तर ते नको म्हणाले. तो ‘नको’ चार महिने माझ्या डोक्यातून गेला नाही. माझ्यावर रागावून गेले असतील का, हे आता कुणाला विचारणार?

चार महिन्यांनी, सकाळी अकराच्या सुमारास, प्रॅक्टिकल चालू असताना बाबांची मेल आली. सवयीने आधी हेडरच उघडलं. लिहिल्याची तारीख – तोच शुक्रवार, संध्याकाळ. खालचा शिक्का मात्र आजचा, अकोल्याच्या घरच्या वायफायवरून. लगेच आईला फोन केला. फोटो बघायचे म्हणून तिने नुकताच बाबांचा मोबाईल चार्जिंगला लावला होता. म्हणजे त्या दिवशी नेट नसेल, मेल मोबाईलमध्येच अडकली आणि आज सुटली. उलगडलं म्हणून मी खुर्चीत टेकलेसुद्धा.

मग एक ओळ दिसली. प्रत्येक मेलला स्वतःचा नंबर असतो, आणि उत्तर कोणत्या मेलला दिलंय हे त्या नंबराने हेडरमध्ये लिहिलेलं असतं. तो नंबर शोधला... तो माझ्या ड्राफ्टचा निघाला. एकेक अक्षर तीनदा जुळवलं. तो ड्राफ्ट फक्त लॅबच्या कॉम्प्युटरवर सेव्ह होता. बाहेर गेल्याची कुठेही नोंद नाही, आणि त्या नोंदी मीच ठेवते.

मजकूर मग वाचला.

"पत्र पोचलं. राग कायचा बाई? हक्काची हायेस म्हणून बोलली. रविवारी घाई करू नको, सवडीनं येजो."

पोरांसमोरच रडले. लाज वाटली नाही.

हे हेडर मी दोन-तीन जाणकारांना दाखवलं, कोणालाच धड सांगता आलं नाही. तुमच्यापैकी कोणाला उलगडलं तर जरूर कळवा. माझा ड्राफ्ट अजून तसाच आहे. एकदा तो बाबांच्या पत्त्यावर पाठवायला गेले होते, पण बटणावरचा हात मागे घेतला. पोचलेलं पत्र पुन्हा कशाला टाकायचं?