फिरवलेली फरशी

वणीत नागोराव मिस्त्रीनं किती घरांत फरशी बसवली, ते त्याचं त्यालाही सांगता यायचं नाही. चाळीस वर्षं माणूस गुडघ्यावर होता. देवापुढं कमी, फरशीपुढं जास्त. घर झालं की वास्तूचं जेवण व्हायचं, पाव्हणे त्याच फरशीवर पंगत मांडून बसायचे, आणि मिस्त्रीला बोलवायचं तेवढं राहून जायचं. नागोरावाला त्याचं काही वाटत नसे. संध्याकाळी घरी गेला की त्याची बायको चंदाबाई पाण्याचा तांब्या पुढं करून विचारायची, "आज कोणती बसवली जी?"

मग हा सुरू. कोणती खोली वाकडी निघाली, दाराशी तुकडा कसा कापावा लागला, घरमालकीण कशी डोक्यावर उभी होती. ती तांदूळ निवडता निवडता म्हणायची, "बाप्पा! मंग?" त्या 'मंग'वर हा गडी जगला म्हणा ना.

चंदाबाई जाऊन दोन वर्षं झाली. पोरगा पुण्याला. तो फोनवर विचारतो, "जेवले का बाबा?" हाव म्हटलं की संपलं बोलणं. नागोराव अजून अधूनमधून कामाला जातो, पण येऊन कुलूप उघडतो तेव्हा दिवसाचं सगळं बोलणं तोंडातच असतं. ऐकायला एक माणूस पाहिजे, दुसरं काही मागणं नाही त्याचं.

यंदा म्हाताऱ्या मंडळींची सहल यवतमाळला निघाली, तसा शेजारच्या मारोतरावानं त्याला ओढून नेलं. तिथल्या एका संग्रहालयात फरश्यांची काही कलाकारी मांडली होती. दारावरची पाटी वाचून मारोतराव म्हणाला, "फरशी पाहाले एवढ्या दूर आलो काय मी? जा, तू पाहून ये आपलं सासर. मी चहा घेतो."

नागोराव एकटाच आत गेला. मोठी खोली, आणि जमिनीवरून थेट भिंतीवर चढत गेलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या. चार फरश्या जुळल्या की एक फूल, अशी हजारो फुलं. खाट नाही, कपाट नाही, चपलांचा ढीग नाही, वणीच्या खाणींची ती कोळशाची धूळसुद्धा नाही. एवढी मोकळी फरशी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. एक डोळा मिटून तो ओळीमागून ओळ बघत गेला आणि सातव्या ओळीत अडकला. एका फुलाची एक पाकळी भलतीकडं तोंड करून बसली होती.

झालं! गुडघे आपोआप टेकले. बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं, तर फरशी नुसतीच मांडलेली. उचलली, फिरवली, बसवली. फूल जुळलं. वरून रुमालानं पुसलीही.

"अवो आजोबा! काय करून राह्यले हे?" तिथली राखणदार पोरगी, दीपा, धावत आली.

"सरळ केली पोरी. मिस्त्री घाईत होता वाट्टे."

"मुद्दाम उलटी ठेवली होती ते! कलाकारानं!"

"मुद्दाम? अन् घरमालकीण काहीच बोलली नाही?"

दीपाला हसू आवरेना. "लोकायनं शोधावी म्हणून ठेवली. महिना झाला, एकालेही दिसली नाही. आता होती तशी ठेवा बरं."

चुकीची फरशी जाणूनबुजून बसवायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली. हात मागं-पुढं झाला, पण ठेवली.

"पण आजोबा, तुम्हाले कशी दिसली?" दीपानं विचारलं.

नागोरावाचं तोंड उजळलं. दोन वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. त्यानं टोपी सारखी केली, घसा खाकरला, "त्याचं असं आहे पोरी..."

तेवढ्यात शाळेची शंभरेक पोरं दारात. "एक मिनिट हं आजोबा," म्हणत दीपा पळाली. एक मिनिट गेलं. पाव तास गेला. नागोराव उलट्या फरशीजवळ तसाच उभा. ती पोरांना रांगेत लावत राहिली, आणि बाहेर बसचा हॉर्न वाजला.

बसनं यवतमाळ सोडलं न सोडलं तोच मारोतराव घोरू लागला. नागोराव झोपलेल्याच्या कानाशी वाकला. "नक्षीची फरशी कशी पाहाची सांगतो, मारोतराव. आधी कोपरा पकडाचा..."

वाटेवरच्या करंजी गावापर्यंत सांगणं चालू होतं. तिथं खड्ड्यात बस आदळली आणि मारोतराव दचकून जागा झाला.

"काही म्हणून राह्यलता काय रे?"

"नाही. झोप तू."