आधी दारात बसा म्हणणारे मामा

शेषूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका दातांच्या डॉक्टरांशी भांडत होते. त्यांना वेबसाइटच्या पहिल्या पानावर स्वतःचा फोटो हवा होता आणि मी म्हणत होते, दाढ दुखणाऱ्या माणसाला तुमचा चेहरा नको, दवाखाना किती वाजता उघडतो ते हवं. हे वाक्य मामांचंच. पाच वर्षं ते मी माझं म्हणून वापरते आहे. तेवढ्यात मीनाक्षी टीचरांचा फोन आला, "सार पोयिट्टार मा." सार गेले गं. एवढं कळायला तमिळ लागत नाही. डॉक्टरांना म्हटलं, ठेवा तुमचा फोटो, आणि बाहेर जिन्यात येऊन बसले... महिना झाला त्याला. आता लिहिते, कारण कोणीतरी लिहायला हवं.

मी मूळची कोल्हापूरची, तोंडाने फटकळ. लग्नानंतर चेन्नईत आले, नवऱ्याची नोकरी इथे. मला वेबसाइटी करता येत होत्या, पण तमिळ येत नव्हतं, त्यामुळे सहा महिने घरात बसून भिंतींशी मराठी बोलले. मग कोणीतरी सांगितलं, मैलापुरात एक तंजावरकडचे मराठी गृहस्थ आहेत, बँकेतून लवकर निवृत्ती घेऊन लहान संस्थांना वेबसाइटी करून देतात. गेले. भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, आणि कपाळाला गंध लावलेले शेषगिरीराव. "सर" म्हटलं तर म्हणाले, "सार नको, बाहेर सगळे तेंच म्हणतात. मामा म्हण. बैस मा, कॉफी पितेस कीं?" त्यांचं ते मराठी! आमच्या पणजीच्या वेळचे शब्द आणि हेल मात्र अस्सल तमिळ. मला हसू आवरेना. ते म्हणाले, "हास, हास. तुझें मराठी ऐकून आमच्या घरीं पण हासतात." त्या दिवशीपासून मी तिथे कामाला लागले.

मामांचा एकच नियम होता. कुठल्याही संस्थेचं काम घेतलं, की आधी दोन दिवस तिच्या दारात जाऊन बसायचं. आत सेक्रेटरीकडे नाही, दारात. येणारा माणूस काय विचारतो ते वहीत लिहून काढायचं आणि तेच प्रश्न, त्याच क्रमाने, वेबसाइटवर घ्यायचे. "अठ्ठावीस वर्षें काउंटरला बसलों," ते म्हणायचे. "संस्थेला काय सांगायचें असतें तें कोणी विचारीत नाहीं. माणूस दुसरेंच विचारतो." मला हे अगदी खुळेपणाचं वाटायचं. वेबसाइट करायला आलेय, राखणदारी करायला नाही, असं मी तोंडावर सांगितलंही होतं.

मग मीनाक्षी टीचर आल्या. चेन्नईतच तिरुवल्लिकेणीत एका गल्लीत त्यांची कर्णबधिर मुलांची शाळा होती, जेमतेम वीस मुलांची. विश्वस्तांनी त्यांना बजावलं होतं, जूनपर्यंत दहा नवी मुलं आली नाहीत तर शाळा बंद. तेव्हा जानेवारी सुरू होता. बाई रडल्या नाहीत, पण पदराचं टोक बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं. मामा म्हणाले, "वैजू, हें काम तूं कर." आणि मी दारात न बसता केलं. ताप आहे म्हणून सांगितलं, आणि घरी बसून माझ्या आयुष्यातली सर्वांत देखणी वेबसाइट बनवली. कमळ उमलतंय, त्यातून मुलांचे हसरे फोटो नावांसकट बाहेर येतायत, आणि मागे वीणा.

होय, वीणा. बहिऱ्या मुलांच्या शाळेला!

आमचा एक कॉम्प्युटर रिक्षात घालून शाळेत दाखवायला गेलो तेव्हा मुलं मॉनिटरभोवती गोळा झाली, स्वतःचे फोटो बघून खूश झाली. मामांनी विचारलं, "हें वाजतें तें कोणासाठीं?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, "आईबापांसाठी! त्यांना येतं की ऐकू!" मामा शांतपणे म्हणाले, "सेरी, बरें. मग आईबाप काय विचारतात तें सांग." दुसऱ्या दिवशी तणतणत जाऊन दारात बसले.

माझं तमिळ भाजीबाजारापुरतं, म्हणून शेजारी मामा. पहिल्या बाईने विचारलं, बस कुठली. दुसरीने विचारलं, कानाचं यंत्र तुम्ही देता की आम्ही आणायचं. एका बापाने विचारलं, पोरगं चावतं, तरी घ्याल का. आणि दुपारी एक बाई आली, मुलीला पदराखाली घेऊन. आत जाईना. बराच वेळ उभी राहून तिने मामांना हळूच काहीतरी विचारलं. मामांनी मला मराठीत सांगितलं, "ही विचारते, इथें मुलगी घातली तर कोणास कळेल काय? मोठ्या मुलीचें लग्न ठरतें आहे." मला माझं कमळ आठवलं, त्यातून नावासकट बाहेर येणारी पोरं आठवली, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं.

कमळ गेलं, वीणा गेली, फोटोही गेले. राहिलं एक पांढरं पान, त्यावर नऊ प्रश्न आणि नऊ उत्तरं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर होतं, "तुमच्या मुलाचं नाव आम्ही कुणालाही सांगत नाही." तमिळ फॉन्ट सगळ्यांच्या मशीनवर नसायचा, म्हणून अक्षरांची चित्रं करून टाकली. मामा ते पान घेऊन चेंगलपट्टू, कांचीपुरम, विळुप्पुरमच्या ब्राउझिंग सेंटरवाल्यांकडे, म्हणजे आपल्या सायबर कॅफेवाल्यांकडे, बसने फिरले आणि एकेकाला सांगत सुटले, कोणी विचारायला आलं तर हे छापून द्या. शाळेत कॉम्प्युटर नव्हता, तेव्हा चौकशीचा मेल यायचा तो मामांकडे. उत्तर दुसऱ्या दिवशी गेलंच पाहिजे. जूनपर्यंत आठ मुलं आली. दहा नाहीत, आठ. टीचरांनी विश्वस्तांपुढे सगळ्या मेलांचा गठ्ठा ठेवला आणि म्हणाल्या, ही माणसं वाट बघतायत, तुम्हीच त्यांना नाही म्हणून कळवा. कोणाचीही छाती झाली नाही. शाळा अजून चालू आहे, यंदा तिथे एकसष्ट मुलं आहेत.

पुढे मी माझं वेगळं काम सुरू केलं. मामांनी बाकी सगळी कामं हळूहळू सोडली, हा मेल मात्र सोडला नाही. तेराव्यानंतर त्यांच्या मुलाने मला पासवर्ड लिहिलेला कागद दिला, म्हणाला, "अक्का, हे मला जमणार नाही." उघडलं तर सात मेल पडून होते. मामा असते तर एवढे दिवस उत्तर न गेल्याबद्दल त्यांनी मला फाडून खाल्लं असतं. त्यातला एक कुंभकोणमच्या एका आजोबांचा, इंग्रजीत. नात साडेचार वर्षांची, तीन ठिकाणी सांगितलं उशीर झाला. खरंच झाला का? खाली मामांनी उत्तर लिहून ठेवलं होतं, पाठवायचं राहिलं होतं. "उशीर झालेला नाही. सोमवारी या. मी स्वतः शाळेत असेन."

तो सोमवार कधीच उलटून गेला होता. मी फक्त पुढची तारीख घातली, बाकी एका अक्षराला हात न लावता पाठवून दिलं, आणि त्या दिवशी आठ वाजताच तिरुवल्लिकेणीला जाऊन थांबले. आजोबा आले, कडेवर नात. हातात तो मेल छापलेला कागद, घामाने ओला झालेला. माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हे लिहिणारे आपणच का?"

मी हो म्हटलं, आणि मुलीला कडेवर घेतलं.