दिब्रुगड किती लांब

लांबचं गाव मोजायची आमच्या वडिलांची एकच रीत होती: रेल्वेत किती रात्री काढाव्या लागतात, ते विचारायचं. पिंगळीच्या बाजूच्या आमच्या खेड्यात तेच प्रवासातले जाणकार. धाकटा काका आसामात दिब्रुगडला तेलाच्या कंपनीत लागला. पहिल्यांदा सुटीवर आला, तो निघाल्यापासून पाचव्या दिवशी दारात उभा राहिला, इंजिनाच्या धुरानं काळाठिक्कर पडलेला. झालं! दिब्रुगड म्हणजे पाच दिवस, ही काळ्या दगडावरची रेघ झाली.

पुढे एका उन्हाळ्यात आजोबांनी अंथरूण धरलं. परभणीहून आलेल्या डॉक्टरांनी मान हलवली. आई म्हणाली, “भाऊजींला तार करा.”

वडील तिच्यावरच उखडले. “तार करून काय करायचं? त्यो येईस्तोवर राख सावडून झाली असंल. उगी त्येचा जीव कशाला टांगणीला लावायचा?”

त्यांच्यापुढे बोलायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते पटलंही होतं. चौथ्या दिवशी आजोबा गेले. मातीला झाडून सारे भाऊबंद आले. काकाला मागून कार्ड टाकलं.

काका दिवाळीत आला. अंगातल्या सदऱ्याची इस्त्रीसुद्धा धड मोडली नव्हती. मी विचारलं, “कधी निघाला होतास?”

“काल सकाळी.”

आम्ही पोरं खो खो हसलो. थापा मारायची त्याची जुनी खोड. पण त्यानं खिशातून विमानाचं तिकीटच काढलं. दिब्रुगडहून कलकत्ता, तिथून मुंबई, रात्री मुंबईत मुक्काम, सकाळी औरंगाबाद आणि पुढे आपली नेहमीची रेल्वे. “अंतर म्हणशील तर अडीच हजार किलोमीटरच्या वर,” तो म्हणाला, “पण हवेत सहा तासबी न्हाई.”

सहा तास! मी आ वासून बघत राहिले. पाथरीला मामाकडे जाऊन यायचं तर एसटीत आमचा अख्खा दिवस मोडायचा. विमानात मंत्री बसतात हे ठाऊक होतं. आमच्या घरातला माणूस बसून आला, हे काही डोक्यात शिरेना.

वडील हसले नाहीत. कपातला चहा तसाच ठेवून त्यांनी विचारलं, “तुला कवाबी बसता येतंय ह्याच्यात?”

“घरची तार दाखवली की साहेब त्याच दिशी बसवतेत.”

काका सहज बोलून गेला आणि मग त्याचा तोच थबकला. “दादा, बा एकदमच गेले ना? कार्डात काय लिव्हलं नव्हतं.”

वडिलांनी कप बाजूला सारला.

“चार दिस पडून होते,” वडील म्हणाले.

“माझं नाव काढलं का?”

“न्हाई.”

वडिलांना खोटं बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. तेवढ्यात आई चुलीपासून उठून बाहेर आली. नवऱ्याचा शब्द तिनं चारचौघांत कधी खोडला नव्हता.

“काढलं, भाऊजी. घडीघडी काढलं. बारका कुठं हाय, हेच इचारायचे.”

काका पांढराफटक पडला. आता हा कडाडणार, असं वाटलं. कडाडला असता तर फार बरं झालं असतं. पण त्यानं वडिलांकडे बघून अगदी हळू विचारलं, “मंग तुमी काय सांगितलं त्येन्ला?”

वडिलांची मान खाली होती.

“यायलाय म्हनलो.”